दिसला, दिसला!

भिलाईच्या रिसालीत पहाटे चार वाजता एखाद्या घराचा दिवा लागला, तर शेजारीपाजारी दोनच अर्थ काढतात. कुणाला तरी गाडी गाठायची आहे, नाहीतर कुणाचं तरी बरंवाईट झालं आहे. हिवाळ्यात आता तिसराही अर्थ निघू लागलाय. फाटकाशी ट्रॅव्हलर येऊन थांबते, कानटोप्या घातलेल्या सहा-सात आकृत्या ‘दुर्बीण घेतली का?’ असं एकमेकांना कुजबुजत विचारतात, आणि त्या कुजबुजीवर समोरच्या क्वार्टरचा कुत्रा असा काही भुंकतो, की जे अजून झोपलेले असतात त्यांनाही कळतं : मंडळी पक्षी बघायला निघाली.

जथ्याचे म्होरके एक निवृत्त फोरमन. भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ साली सोव्हिएत मदतीनं उभा राहायला लागला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रबाबूंच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि विदर्भातून जी मराठी घरं मागोमाग इथं आली त्यांतलंच एक त्यांचं. कारखान्याला ते कारखाना म्हणत नाहीत, ‘प्लांट’ म्हणतात. निवृत्तीनंतर मरोदा टँकच्या काठानं सकाळचा फेरफटका सुरू झाला आणि तिथं त्यांना पक्षी भेटले. तेव्हा पक्ष्यांचे प्रकार त्यांच्या लेखी तीन होते : काळा, पांढरा आणि मोठा पांढरा. एवढ्यावर त्यांचं सुखानं चाललं होतं.

बिघडवलं अमेरिकेतल्या मुलानं. तो इक्वेडोरला आठ दिवसांच्या पक्षी-सहलीला जाऊन आला आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानं फोटोंचा मारा केला. अँडीज पर्वताच्या पश्चिम उतारावर पॅसिफिकवरून आलेली ओली हवा चढते, थंड होते आणि तिचा ढग होऊन झाडांतच मुक्काम ठोकतो. फांदी-फांदीवर शेवाळ, शेवाळावर ऑर्किड. अशा जंगलांना मेघवनं म्हणतात. आकारानं महाराष्ट्राहूनही लहान असलेल्या त्या देशात पक्ष्यांच्या सोळाशेहून जास्त जाती सापडतात. आपल्या अख्ख्या भारतात तेराशेच्या वर. मुलानं पाठवलेल्या फोटोंपैकी निम्म्यांत नुसता ढग होता. ‘ढगाच्या मागे तो आहे,’ असं खाली लिहिलेलं. फोरमनसाहेबांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, फोटो मोठा करून पाहिला, ढग मोठा झाला.

पण त्यातली एक गोष्ट घरात फार चघळली गेली. राजधानी किटोपासून दोनेक तासांवर मिंदो नावाचं गाव आहे, आणि त्या परिसरात आंखेल पाझ नावाचा शेतकरी. त्याच्या जमिनीवरल्या जंगलात जायंट अँटपिटा हा पक्षी राहतो. पुरणाच्या गोळ्याला दोन लांब काड्या टोचाव्यात तसा तो दिसतो. शेपूट जवळजवळ नाहीच. स्वभावानं इतका बुजरा, की जन्मभर पक्षी पाहिलेली माणसंही त्याचा नुसता आवाज ऐकून घरी परतायची. पाझनं अशा एका पक्षिणीला गांडुळांची चटक लावली, तिचं नाव ठेवलं मारिया, आणि तो ‘मारिया, मारिया’ अशी हाक मारायला लागला. मारिया यायला लागली. मग जगभरातून माणसं यायला लागली. पुढे त्यानं आणखी लहान चणीचा एक अँटपिटा माणसाळवला, तो कंबर हलवत चालतो म्हणून त्याचं नाव शकिरा.

‘यात काय विशेष?’ काकू म्हणाल्या. ‘आमची आजी पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून काव काव करत तासभर उभी राहायची. तिला कुणी डॉलर दिले नाहीत.’

काकूंच्या बोलण्यात तथ्य आहे. मार्गदर्शकासह पक्षिनिरीक्षण हा प्रकार मराठी माणसाला नवा नाहीच. दहाव्या दिवशी घाटावर पिंड मांडून पंधरा-वीस माणसं माना वर करून उभी असतात, बोलणं बंद, हालचाल बंद, सगळ्यांची नजर एका झाडावर. सोबत जाणकार मार्गदर्शक असतो, त्याचं मानधन ठरलेलं असतं. पक्षी येतो, जवळच्या फांदीवर बसतो, मान वाकडी करून बघतो आणि उडून जातो. मग घरातला थोरला पुढे होऊन ‘धाकटीचं लग्न आम्ही करू’ असा शब्द देतो. तरी येत नाही. ‘बरं, दागिनेही तिलाच,’ म्हटल्यावर येतो. एका पक्ष्यासाठी इतकी किंमत मोजलेली इक्वेडोरातसुद्धा कुणी ऐकली नसेल. तसा पहिला गाईडही आपल्याकडे फार आधी होऊन गेला : पहाटे दारात येणारा पिंगळा. झाडावरचा पिंगळा, म्हणजे ते छोटं घुबड, काय बोलला याचा अर्थ सांगून तो सूपभर धान्य घेऊन जायचा. पक्षी दाखवायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती, हा त्या धंद्याचा मोठाच फायदा.

असो. ट्रॅव्हलर निघाली आहे ती गिधवा-परसदाला. बेमेतरा जिल्ह्यात नांदघाटच्या बाजूला ही दोन गावं आहेत. गावांचे जुने तलाव हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांनी भरून जातात. २०२१ मध्ये, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, इथं छत्तीसगडचा पहिला पक्षी महोत्सव झाला. नाव होतं ‘हमर चिरई, हमर चिन्हारी’. चिरई म्हणजे पाखरू आणि चिन्हारी म्हणजे ओळख. रिसालीहून दोन-अडीच तासांचा रस्ता. त्यातला पहिला तास झोपेत जातो आणि दुसरा डब्यात. पक्षी बघायला जाताना माणसाला इतकी भूक का लागते, यावर खरं तर संशोधन व्हायला हवं. तिखटमिठाच्या पुऱ्या संपतात, शेजारच्या काकींनी दिलेली ठेठरी संपते, आणि तलाव येतो तेव्हा सगळ्यांचे हात तेलकट. त्याच हातांनी दुर्बिणी बाहेर निघतात.

दुर्बिणीवर ८ बाय ४२ असं लिहिलेलं असतं. आठ म्हणजे वस्तू आठ पट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. हे फोरमनसाहेब प्रत्येकाला समजावून सांगतात, कारण यंत्राची माहिती देणं हा त्यांचा जुना धर्म आहे. त्यांना स्वतःला मात्र पहिला अर्धा तास दुर्बिणीतून दोन गोल दिसतात. त्यातल्या एकात बाभळीचे काटे, दुसऱ्यात त्यांच्या स्वतःच्याच पापण्या.

काकूंचा प्रश्न वेगळा होता. सहलीला येताना मातकट रंगाचे कपडे घाला, असा निरोप होता. मराठी बाईच्या कपाटात मोरपंखी, आमसुली, चिंतामणी, डाळिंबी असे छत्तीस रंग असतात, मातकट नसतो. चिखलाच्या रंगाचं कापड कुणी दुकानातून पैसे देऊन आणतं होय? शेवटी त्यांनी सलवार-कमीजवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट चढवला, आणि आयुष्यात प्रथमच त्या फोरमनसारख्या दिसू लागल्या. पक्षी घाबरले नाहीत. फोरमनसाहेब जरा दबकून वागत होते.

गाईड स्थानिक तरुण. नजर अशी, की आपण ज्याला ढेकूळ म्हणतो त्याला तो नर आहे की मादी हेही सांगतो. त्यानं पहिल्याच झाडाशी हात वर केला आणि हलक्या आवाजात म्हणाला, ‘अंकल, दो बजे.’

जगभरातले पक्षी-गाईड दिशा अशीच सांगतात. समोरचं झाड म्हणजे घड्याळ, शेंडा बारा वाजता, उजवीकडची आडवी फांदी तीन वाजता. अँडीजमध्ये हेच, गिधव्यात हेच. पण ‘दो बजे’ या शब्दांना भिलाईच्या माणसाच्या मनात एकच अर्थ असतो : सकाळची पाळी सुटली, दुसरी लागली. फोरमनसाहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघून शांतपणे सांगितलं, ‘अभी तो साडेसातही हुए हैं, भैया.’ तोवर दोन वाजताचा पक्षी चार वाजता गेला, तिथून सहा वाजता, आणि मग झाडाबाहेर.

‘दिसला?’ मागून कुणीतरी विचारलं.

इथं थोडं थांबायला हवं, कारण या सहलींचं सगळं मर्म या एका प्रश्नात आहे. सात माणसं झाडाकडे बघत असतात. दोघांना फांदी दिसलेली असते, एकाला पान हललेलं, एकाला काहीच नाही, एकीला भलत्याच फांदीवरची चिमणी, एक जण अजून दुर्बिणीची टोपणं काढतोय. सातवा गाईड. त्यानं विचारलं ‘दिखा?’ की पहिला म्हणतो, ‘हो हो, दिसला.’ दुसरा त्यापुढे जातो : ‘काय सुंदर होता!’ तिसऱ्याला आता मागे राहून चालत नाही. तो म्हणतो, ‘पोटाशी पिवळा होता ना?’ गाईड सज्जन असतो, तो नाही म्हणत नाही. नवीन लुगड्याला सगळ्यांनी छान म्हणावं तसं हे आहे. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. मुंजीत दूरच्या नातेवाइकानं ‘ओळखलंस का मला?’ विचारलं, की आपण ‘म्हणजे काय!’ म्हणतोच ना.

फक्त काकू खोटं बोलल्या नाहीत. ‘काहून दिसत नाही बापा मले?’ असं त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं.

तलावावर आल्यावर परिस्थिती सुधारली, कारण पाण्यावरचे पक्षी फांदीमागे लपत नाहीत. गाईडनं काळ्या पक्ष्यांच्या एका थव्याकडे बोट दाखवून सांगितलं, ‘कूट.’

‘कशाचं?’ काकूंनी विचारलं. ‘दाण्याचं?’

इंग्रजीत त्या पक्ष्याला खरंच कूट म्हणतात. मराठीत त्याचं नाव वारकरी. काळं अंग आणि कपाळावर पांढराशुभ्र पट्टा, जणू गंध लावून शेकडोंनी एका लयीत निघालेले. हे नाव कुणाला सुचलं असेल त्याच्या नुसत्या नजरेला नमस्कार करावा. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ चाळला, की मराठीत पक्ष्यांची नावं म्हणजे अख्खं गाव आहे हे ध्यानात येतं. शेपटी आपटत फिरणारा धोबी आहे, पानं शिवणारा शिंपी आहे, झाडाला भोकं पाडणारा सुतार, ठोक ठोक करणारा तांबट, भक्ष्य काट्याला टांगणारा खाटीक. मासे धरणारा धीवर. या सगळ्यांवर नजर ठेवायला कोतवाल. कामधंदा न करता बोलत बसणारा गप्पीदासही आहे, आणि तळ्याकाठी डोळे मिटल्यासारखं करून उभा राहणारा, पंख उघडेपर्यंत मातीचा वाटणारा ढोकरी. त्याला तर सरळ वंचकच म्हटलंय. बलुतेदारी गावातून गेली, झाडावर अजून टिकून आहे. चितमपल्लींची बरीच वर्षं नवेगावबांधच्या जंगलात गेली. दुर्गहून गोंदियाच्या गाडीत बसलं की पुढे ते जंगल शेजारीच. हेरॉनरीला, म्हणजे बगळ्यांच्या वसाहतीला, ‘सारंगागार’ हा शब्द चितमपल्लींनीच दिला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

काकूंनी तास-दीड तासात चौदा वारकरी, दोन धोबी, एक वंचक आणि एक खंड्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि त्या खूश झाल्या. बाकीच्या मंडळींच्या वहीत तोवर एकेचाळीस जाती जमल्या होत्या.

हा आकडा कसा वाढतो तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन नावाचं अ‍ॅप आहे. मोबाइल हवेत धरला की आवाज ऐकून ते नाव सांगतं. फोरमनसाहेबांचे कान वयानं मंद झालेत, शिंजिराची बारीक चिवचिव त्यांना येत नाही. ती आता मोबाइलला येते. ते रुमालावर मोबाइल ठेवून पुरी खातात आणि पक्षी आपोआप जमा होत राहतात. याच प्रयोगशाळेचं ई-बर्डही आहे, २००२ पासूनचं. तिथं जगभरचे लोक आपापल्या याद्या चढवतात. पण तिथं एक ग्यानबाची मेख आहे. या भागात न दिसणारा पक्षी तुम्ही लिहिलात, की परीक्षक अत्यंत नम्र पत्र पाठवतो : आपण नोंदवलेल्या पक्ष्याबद्दल अधिक तपशील देऊ शकाल का? फोटो असल्यास उत्तम. हे पत्र आलं की भल्याभल्यांना आठवतं, की त्या दिवशी धुकं जरा जास्तच होतं.

असा परीक्षक पूर्वी असता, तर एका घुबडाचे हाल टळले असते. ही हकिगत फोरमनसाहेबांना त्याच दिवशी परतीच्या वाटेवर गाईडनं सांगितली, आणि तिनं त्यांची झोप उडवली.

घुबडाचं नाव रानपिंगळा. १८७२ साली ब्लुइट नावाच्या इंग्रजाला तो बसना-फुलझरच्या भागात मिळाला. म्हणजे आजच्या छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात, रायपूरच्या पूर्वेला. पुढल्या वर्षी अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय नाव ब्लुइटवरूनच ठेवलं. हे तेच ह्यूम, ज्यांनी बारा वर्षांनी काँग्रेस काढली. त्यांनी उभ्या केलेल्या दोन गोष्टींपैकी कुठली अधिक दुर्मीळ झाली, हा वाद ट्रॅव्हलरमध्ये थोडा वेळ चालला आणि सहलीच्या हितासाठी थांबवण्यात आला.

१८८४ नंतर रानपिंगळा कुणाला दिसेना. अपवाद एकच. लंडनच्या संग्रहातल्या एका नमुन्यावर चिठ्ठी होती, की हा १९१४ साली गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीला मिळाला. मिळवणारे कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन. वजनदार माणूस, लढाया मारलेला, सालिम अलींबरोबर १९३७ मध्ये अफगाणिस्तानात पक्षी गोळा करत फिरलेला. अशा माणसानं ‘दिसला’ म्हटल्यावर ‘खरंच का?’ कोण विचारणार? मग लोक त्या चिठ्ठीच्या भरवशावर शोधत राहिले.

विचारलं पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी. त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला. एक्स-रे काढला, आतला कापूस पाहिला, धागे चक्क अमेरिकेच्या एफबीआयकडून तपासून घेतले. निघालं असं, की तो पक्षी जेम्स डेव्हिडसन या खानदेशातल्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८८०च्या दशकात मिळवलेला. कर्नलसाहेबांनी तो संग्रहालयातून उचलला, उसवला, पुन्हा भरला आणि नवी चिठ्ठी लावून आपला म्हणून परत दिला. वर्षानुवर्षं जगानं माना डोलावल्या : हो हो, दिसला असेल. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागानं ते फिरले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबारकडे, शहाद्याजवळच्या सातपुड्यात, रानपिंगळा भर दिवसा फांदीवर बसलेला सापडला. एकशेतेरा वर्षांनी.

फोरमनसाहेबांना पहिला धक्का हा बसला, की घुबड मूळचं आपल्याकडचं आणि मिळालं शहाद्याला. ‘माणसं तिकडून इकडे कामाला आली, हे इकडून तिकडे कसं गेलं?’ दुसरा धक्का जरा खोल होता आणि त्याबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत. वाटेतल्या सिमगा गावी चहाच्या टपरीवर मंडळी उतरली तेव्हा ते एकटेच गाडीत बसून राहिले. काकू चहा द्यायला आल्या तर साहेब वहीतल्या नावांवर पेन्सिलीनं काट मारत होते. एकेचाळीसचे सव्वीस झाले होते.

‘हे काय करताय?’

‘सकाळचा तो दोन वाजताचा,’ ते म्हणाले, ‘मला नव्हता दिसला.’

‘ठाऊक आहे मला,’ काकू म्हणाल्या. ‘तुम्ही घड्याळ बघत होता.’

चहा होईपर्यंत आणखी दोन गेले. मागच्या सीटवरल्या गृहस्थांनी वाकून ही काटछाट पाहिली आणि आपली वही हळूच पिशवीत टाकली.

सामान्य पिंगळा आणि रानपिंगळा यांतला फरक गाईडनं जाताना सांगून ठेवला होता. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. रानपिंगळ्याचं डोकं मोठं, पंजे दणकट, आणि तो दिवसाही हिंडतो. रिसालीतल्या मागच्या गल्लीत, विजेच्या खांबालगतच्या कडुनिंबावर पिंगळ्याचं एक जोडपं कित्येक वर्षांपासून राहतं. शिंक्यावरची भांडी पडावीत तसं संध्याकाळी ते दोघं भांडतात. आजवर त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

त्या रात्री ट्रॅव्हलरनं मंडळींना दारात सोडलं तेव्हा नऊ वाजून गेले होते. काकूंनी खिचडी टाकली. साहेब हातपाय न धुताच दुर्बीण घेऊन मागच्या ओसरीत गेले. खांबावरच्या दिव्याच्या उजेडात कडुनिंबाची एक फांदी नीट दिसत होती, आणि फांदीवर एक जण बसलेला होता. यावेळी पापण्या मध्ये आल्या नाहीत.

पाच मिनिटं झाली. कुकरची शिट्टी झाली.

‘ठिपके आहेत का हो?’ काकूंनी आतून विचारलं.

‘थांब,’ साहेब म्हणाले. ‘मान वळवू दे त्याला.’

दुसरी शिट्टी झाली. झाडावरच्यानं मान वळवली, आधी डावीकडे, मग सरळ साहेबांकडे, आणि खाली-वर अशी दोनदा हलवली.

‘आहेत. भरपूर आहेत.’

‘मग दार लावून घ्या,’ काकू म्हणाल्या, ‘डास येताहेत.’